पिकांची बांधावरची भावकी

बांध आणि भावकी हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याकडच्या माणसाला मोजणीचा नकाशा आणि कोर्टाच्या तारखा आठवतात. या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आम्हालाही एकदोघांनी थट्टेने विचारले की, यंदा वसंत व्याख्यानमालेत वाटणीचे दावे ऐकवणार काय? आम्ही सांगणार आहोत तीही भाऊबंदकीचीच हकीकत आहे, परंतु ती माणसांची नव्हे. तूर, भेंडी, ऊस, खरबूज ही जी पिके आपण शेतात लावतो, त्यांचे सख्खे-चुलत भाऊबंद बांधावर, गायरानात, ओढ्याकाठी आणि बालाघाटाच्या उतारावर राहतात. शेतातल्या भावाला खत मिळते, पाणी मिळते, पीकविमाही मिळतो. बांधावरच्या भावाला विळा मिळतो, आणि अलीकडे तणनाशकाचा फवारा.

येरमाळ्याच्या लोकांस जमिनीकडे पाहत चालण्याची सवय नवी नाही. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येडेश्वरीची पालखी डोंगर उतरून आमराईकडे येते आणि हजारो माणसे रानात वाकून चुनखडीचे खडे वेचतात. त्या दिवसांत रान उघडे पडलेले असते. ज्वारी निघालेली, तूर निघालेली, गवताचा रंग मातीसारखा झालेला. तरीही ते रान रिकामे नसते. ढेकळांच्या फटींत, बांधाच्या कडेला, मृगाच्या पावसाची वाट पाहत तऱ्हेतऱ्हेचे बी पडून असते. त्यात एक बारीक, काळपट, टणक दाणा असतो, तो रानतुरीचा.

रानतूर पुष्कळांनी पाहिलेली आहे, ओळखलेली मात्र थोड्यांनी. पावसाळ्यात गवताच्या काडीला धरून चढणारा किंवा जमिनीवर पसरणारा हा बारीक वेल. तीन-तीन पानांची जुडी, पानाच्या पाठीवर राखी रंगाची मऊ लव, तुरीसारखेच पण इवलेसे पिवळे फूल. शेंग बोटाच्या पेराएवढी, चपटी, दाण्यादाण्यामध्ये आडवी दाबल्यासारखी आणि अंगभर केसाळ. काही भागांत हिला रानकुळीथही म्हणतात. जनावरे आवडीने खातात, म्हणून गुराख्यांना ती चारा म्हणून ठाऊक असते. तिचे शास्त्रीय नाव कजानस स्कॅराबिऑइडिस आणि आपल्या तुरीचे कजानस कजान. म्हणजे घराण्याचे नाव एकच. परंतु हे नाव तिला सहजासहजी मिळालेले नाही. शास्त्रज्ञ दीर्घकाळ तिला अटायलोसिया नावाच्या निराळ्या घराण्यात मोजत असत. व्हान डर मेसेन या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या दशकात दोन्ही घराणी बारकाईने तपासून एक केली, तेव्हा कोठे या वेलीचा वारसा सरकारदप्तरी लागला म्हणायचा.

दप्तराचा विषय निघालाच आहे तर एका ग्रंथाचे नाव घेणे आम्हाला अगत्याचे वाटते. प्रा. व्ही. एन. नाईक यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याच्या वनस्पतींवर १९७९ साली एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढे १९९८ मध्ये साऱ्या मराठवाड्याच्या वनस्पतींवर दोन खंड. दुष्काळी म्हणून ज्याचे नाव काढले जाते त्या जिल्ह्यात ग्रंथ भरावा इतक्या वनस्पती आहेत, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल याविषयी आम्ही साशंक आहोत.

आता शेतातला भाऊ आणि बांधावरचा भाऊ यांची फारकत कशी झाली ते पाहू. तुरीचा मूळपुरुष मानली जाणारी रानटी जात, कजानस कजानिफोलियस, आजही बस्तर-ओडिशाकडच्या टेकड्यांत आढळते. माणसाने तिला घरी आणून काही हजार वर्षे झाली. अमरावती जिल्ह्यात तुळजापूर गढी नावाचे जे प्राचीन वस्तीचे ठिकाण आहे (आपले तुळजापूर निराळे), तेथील उत्खननात सुमारे ३००० वर्षांपूर्वीची तूर मिळाली आहे. रानटी शेंगेचा धर्म असा की ती वाळली की तडकते आणि बी दूर उडते. वेलीच्या वंशविस्तारासाठी हे योग्यच, पण कापणीला आलेल्या बाईच्या दृष्टीने ते नुकसान. ज्या झाडांच्या शेंगा तडकल्या नाहीत त्यांचेच दाणे घरी आले, तेच पुढच्या वर्षी पेरले गेले. दाणा मोठा, टरफल मऊ, उगवण एकदम, झाड उभे. अशी पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली. या निवडीत मागितलेले गुण मिळाले. जे कोणी मागितले नाहीत, ते मागे बांधावर राहिले. रोगाशी झुंजण्याचे, अळीला पुरून उरण्याचे, दोन पावसांमधला खंड सोसण्याचे गुण प्रामुख्याने त्यांतले.

अळीचीच गोष्ट घ्या. शेंगा पोखरणाऱ्या घाटे अळीने तुरीचे काय होते हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. रानतुरीच्या शेंगेवर मात्र आखूड केसांचे इतके दाट आवरण असते की अंड्यातून नुकतीच निघालेली अळी त्यातून शेंगेच्या सालीपर्यंत पोहोचतच नाही. बहुतेक अळ्या केसांतच उपाशी मरतात. आपल्या तुरीच्या शेंगेवरही केस असतात, पण त्यांतल्या काहींतून पाझरणारा चिकट रस अळीला उलट आमंत्रण देतो, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. घरात आणताना आपण कुलूप बाहेर ठेवले आणि उदबत्ती आत लावली, असा हा प्रकार.

दुसरी हकीकत किंचित अवघड आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. संकरित ज्वारी-बाजरी आपल्याकडे केव्हाच आली. तुरीचे संकरित बी मात्र अनेक वर्षे साधेना. कारण तुरीच्या एकाच फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात. संकर करायचा तर आई ठरवलेल्या ओळीत पराग होताच कामा नये, आणि एकरभर तुरीच्या फुलाफुलातून चिमट्याने पुंकेसर खुडणे हे कोणाच्या बापालाही शक्य नाही. येथे रानतूर उपयोगी पडली. पेशी म्हणजे एक वाडा आणि तिच्यातले केंद्रक म्हणजे त्या वाड्याचा कर्ता, असे समजा. वाडा नेहमी आईकडून मिळतो. शास्त्रज्ञांनी वाडा रानतुरीचा ठेवला आणि संकर पुनःपुन्हा करून कर्ता मात्र तुरीचा बसवला. त्या दोघांचे इतर सर्व बाबतींत जमले, फक्त पराग तयार करण्याच्या कामी जमले नाही. म्हणजे पाहिजे होती तशी परागहीन आई निर्माण झाली. या मार्गाने तयार झालेला ‘जी.टी.एच.-१’ हा संकरित वाण २००४ साली गुजरातेत प्रसारित झाला. पुढे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने हीच युक्ती कजानिफोलियसच्या पेशीवर केली, आणि २०१० मध्ये मध्य प्रदेशात ‘आय.सी.पी.एच. २६७१’ हा वाण आला. या तुरी घरोघर पोहोचल्या असे मात्र आम्ही म्हणणार नाही. संकरित बी तयार करण्याची यातायात मोठी आहे. आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी आजही बदनापूरच्या ‘बी.डी.एन. ७११’ सारखी सरळ वाणांचीच नावे असतात. तथापि जे अशक्य मानले होते ते बांधावरच्या एका वेलीने शक्य केले, एवढे खरे.

मराठवाड्याला याहून जवळचे उदाहरण भेंडीचे. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग पान पिवळे, मग शेंगही पिवळी. शेतकरी याला केवडा किंवा हळद्या म्हणतात. पांढरी माशी हा विषाणू पसरवते. ‘पुसा सावनी’ हा एके काळचा नावाजलेला वाण या रोगापुढे हतबल झाला, तेव्हा परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या संशोधकांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्या मॅनिहॉट नावाच्या दुसऱ्या जातीशी केला. भिन्न जातींच्या संकराची पहिली संतती सहसा वांझ किंवा अर्धवांझ निघते. तिला पुनःपुन्हा भेंडीकडे वळवून, दर पिढीत रोगाची परीक्षा घेत घेत निवड करावी लागते. त्या खटाटोपातून १९८५ च्या सुमारास ‘परभणी क्रांती’ बाहेर पडली आणि थोड्याच वर्षांत देशभर गेली. परंतु गोष्ट तेथे संपत नाही. विषाणूही स्वस्थ बसत नाही; त्याने रूपे पालटली आणि आज परभणी क्रांतीवरही केवडा पडतो. म्हणजे पुन्हा भावकीच्या दारी जाणे आलेच.

हा अनुभव परदेशातही आलेला आहे. आपल्या ज्वारीत आपोआप उगवणारे शेंदाड सर्वांना माहीत आहे. भित्र्या माणसाला आपण ‘शेंदाड शिपाई’ म्हणतो, इतकी त्या बिचाऱ्याची अप्रतिष्ठा. कॅलिफोर्नियातील इंपीरिअल खोऱ्यात १९२५ च्या सुमारास खरबुजांवर भुरी रोग आला आणि तेथील मोठा धंदा बुडण्याच्या बेतास आला. तेथील कोणत्याही गोड खरबुजात प्रतिकार सापडेना. तो सापडला हिंदुस्थानातून नेलेल्या, चवीला कोणी विचारणार नाही अशा, शेंदाडाच्याच गोतातल्या बियांत. त्यातून १९३६ मध्ये ‘पी.एम.आर. ४५’ हे खरबूज तयार झाले आणि खोरे वाचले. पण १९३८ मध्ये भुरीची दुसरी जात पुढे आली, ती या खरबुजालाही जुमानेना. तेव्हा पुन्हा भारतीय बियांची पेटी उघडावी लागली. शेंदाड शिपायाने दोनदा लढाई केली. आमची म्हण मात्र आम्ही अद्याप बदललेली नाही.

उसाचे थोडक्यात सांगतो. ओढ्यानदीच्या काठी पावसाळा सरताना पांढरे तुरे डोलवणारे कास गवत हा उसाचा भाऊ. कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात १९१२ मध्ये बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड उसाचा या गवताशी संकर केला. त्यातून ‘को. २०५’ हा वाण निघाला आणि पुढच्या साऱ्या वाणांचा रस्ता खुला झाला. आज कारखान्याला जाणारा ‘८६०३२’ काय किंवा दुसरा कोणताही ऊस काय, त्याच्या अंगात कासाचे रक्त आहेच.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. रानतूर काही दुर्मीळ नाही; देशभर, किंबहुना देशाबाहेरही ती उगवते. मग येरमाळ्याच्या बांधावरची गेली तर बिघडले काय? आमच्या मते या विषयातला हाच खरा कळीचा मुद्दा आहे, आणि त्याचे उत्तर भाताच्या इतिहासात मिळते. १९७० च्या आसपास आशियातील भातावर ‘ग्रासी स्टंट’ नावाचा खुजा करणारा विषाणुरोग पसरला. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो नमुने तपासले. प्रतिकार मिळाला तो उत्तर प्रदेशातून आणलेल्या रानभाताच्या एका नमुन्यात. या रानभाताला शास्त्रज्ञांनी संस्कृतातल्या ऋषींच्या नीवारावरून ‘ओरायझा निवारा’ असे नाव दिले आहे. त्याच निवाराचे इतरही नमुने संग्रहात होते. ते रोगाला बळी पडले. १९७६ मध्ये आलेल्या ‘आय.आर. ३६’ या वाणाने जे कोट्यवधी एकर झाकले, त्याच्या पाठीशी एका ठिकाणचे मूठभर बी उभे होते. जात शिल्लक राहते, पण तिच्यातली एकेक घरे उठत जातात, आणि कोणत्या घरात कोणता गुण होता हे घर उठल्यावर कळत नाही. बालाघाटाच्या कोरड्या माथ्यावर, उथळ मुरमात पिढ्यान्‌पिढ्या तगलेल्या रानतुरीने तेथे काय कमावले आहे, हे तपासण्यापूर्वीच ती गेली, तर नुकसान किती झाले याचा हिशेबही मांडता येणार नाही.

मग हे बी थंड पेटीत ठेवून मोकळे का होऊ नये? ठेवावे, अवश्य ठेवावे. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुककोशात बी सुकवून उणे १८ अंश तपमानात ठेवतात. त्या संस्थेचे अकोल्याचे केंद्र १९७७ पासून काम करीत आहे. इक्रिसॅटच्या संग्रहात तुरीचेच १३ हजारांहून अधिक नमुने आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये ‘महाराष्ट्र जनुक कोश’ प्रकल्पासाठी पाच वर्षांकरिता १७२ कोटी ३९ लाख रुपये मंजूर केले. गावरान वाणांच्या बाबतीत अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात बियाण्यांची पेढी उभी केली आणि २०२० मध्ये त्यांचे नाव पद्मश्रीच्या यादीत आले. हे सारे मोलाचे आहे. परंतु पेटीतले बी ज्या दिवशी निजले त्या दिवसापुरतेच शहाणे असते. बाहेर विषाणू पालटतो, पाऊस पालटतो, आणि बांधावरची वेल दरसाल त्यांच्याशी झटून काही नवे शिकते. शिवाय सर्वच बियांना थंडी मानवत नाही. आंब्याची कोय वाळली की मेली. आमराईतला रायवळ आंबा, ज्याच्या एका झाडाची चव दुसऱ्याला नसते, कुठल्याही पेटीत बसत नाही. ते झाड उभे आहे तोवरच आहे. मेघालयात गारो टेकड्यांत नोक्रेक येथे रानसंत्र्यासाठी जंगलच राखून ठेवले आहे, ते याच विचाराने.

आपल्याकडेही येडशीचे रामलिंग घाट अभयारण्य १९९७ पासून आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु ही भावकी दाट झाडीत रमत नाही. रानतूर, शेंदाड, रानभेंडी यांना ऊन हवे, गवत हवे, थोडी गुरांची ये-जा हवी. त्यांचे घर म्हणजे माणसाने वापरलेली पण पुरती न ओरबाडलेली जमीन: बांध, पडीक, गायरान, ओढ्याची कड. आणि नेमकी तीच जमीन कमी होत आहे. शेजाऱ्याचा बांध कोरण्याची आपली खोड जुनीच आहे. आता नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला आणि पूर्वी जो चार हात रुंद होता तो बांध एक पाय ठेवण्यापुरता उरला. उरला त्यावर सोयाबीनच्या हंगामात तणनाशक मारले जाते. मजुरी परवडत नाही हे शेतकऱ्याचे म्हणणे खोटे नाही. पण पिकात मारणे वेगळे आणि बांध मारणे वेगळे, एवढा भेद तरी करता येईल.

बांधाबरोबर दुसरीही एक गोष्ट जाते, ती रानभाजी. पाथरी, घोळ, कुर्डू, तरोटा, केना, फांजी. ही नावे घेताना पन्नाशीच्या पुढच्या श्रोत्यांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते तरुणांच्या चेहऱ्यावर उमटत नाही. १९७२ च्या दुष्काळात सरकारी दुकानातून अमेरिकेची लाल मिलो मिळत होती आणि कामावर सुकडी. त्याच वेळी कित्येक घरांत बरबड्याचे बी कुटून-दळून भाकरी होत होती. बरबडा हे काळ्या रानातले निळीच्या कुळातले साधे झुडूप. ज्यांनी ती भाकरी खाल्ली ते तिचे गोडवे गात नाहीत, आणि आम्हीही गाणार नाही. पण ती होती म्हणून माणसे होती.

सर्वांत नाजूक स्थिती कर्टुल्याची वाटते, कारण त्याला आता बाजारात भाव आला आहे. कर्टुल्यात नराचा वेल निराळा आणि मादीचा निराळा. फळ मादीलाच येते. म्हणून पुष्कळ ठिकाणी नराचा वेल ‘वांझ’ समजून उपटला जातो, आणि मग पुढे मादीलाही फळ धरत नाही. वेल वाळला तरी जमिनीत कंद जिवंत राहतो आणि पुढल्या पावसात फुटतो. पण यंत्राने बांध सपाट केला की कंदच उघडा पडतो. त्यातच कोवळी फळे सगळीच तोडली तर नवे बी पडणार कुठून? जुन्या बायका वेलावर दोनचार फळे पिकायला सोडत. पिकून केशरी झालेले कर्टुले फुटते आणि पाखरे त्याचे बी पसरवतात. पाखरांचा वाटा ठेवावा म्हणत. आम्ही पूर्वी ही भोळी समजूत मानीत होतो.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असावी असे ठरवले आहे. ही नोंदवही कपाटात ठेवण्यासाठी नाही. तीत कोणत्या गटात कर्टुल्याचे वेल आहेत, कोणत्या रायवळ आंब्याची कोय बारीक आहे, कोणत्या ओढ्याला कास आहे, हे गुराख्यांना आणि भाजी खुडणाऱ्या बायकांना विचारून लिहिले गेले पाहिजे, आणि ज्यांना विचारले त्यांना ते वाचूनही दाखवले पाहिजे. शाळेतली मुले हे काम एका पावसाळ्यात करतील. गायरानाचा एखादा तुकडा श्रावणापासून दिवाळीपर्यंत राखावा, मग गुरे सोडावीत; गवत राखण्याची ही रीत आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हती. बांधाची निदान एक बाजू फवाऱ्यावाचून सोडावी.

व्याख्यानानंतर काही मंडळींनी रानतुरीचे बी कसे धरावे असे विचारले, म्हणून तेही येथे लिहितो. आश्विन-कार्तिकात वेल फुलावर असताना जागा हेरून काडीला चिंधी बांधून ठेवावी, कारण पुढे गवत वाळले की वेल दिसत नाही. शेंगा काळपट होऊ लागल्या की तडकण्यापूर्वी, सकाळच्या दवात तोडाव्यात आणि कापडी पिशवीत घालून तोंड बांधून वाळवाव्यात. उघड्या सुपात ठेवल्या तर दुपारी दाणे घरभर उडतात. एका जागच्या सगळ्या शेंगा घेऊ नयेत. दहा-वीस वेलींवरच्या थोड्या थोड्या घ्याव्यात आणि पुडीवर गाव, शिवार व तारीख लिहावी. पेरताना दाणा वाळूच्या कागदावर हलका घासावा, नाहीतर कवच इतके कठीण असते की एका पावसात तो उगवत नाही. काही दाणे दुसऱ्या, काही तिसऱ्या वर्षी वर येतात.